अर्धी गोळी

"मास्तर, फणस टपावर जाणार नाही," बाई म्हणाल्या. "तो इथं माझ्या पायाशीच राहील."

"बाई, तो तुमच्या पायाशी नाही, माझ्या पायात येतोय. मला गाडीभर फिरायचं आहे."

"मग जरा बघून फिरा."

सगळी गाडी हसली. मीही हसलो असतो, पण आठ वर्षं नोकरी झालेल्या कंडक्टरला भरल्या गाडीसमोर हार मानणं जड जातं. गाडी सोडायला मी दोरी ओढून दोनदा घंटा दिली आणि फणसावरून उडी मारून पुढं गेलो. साखरीबंदर ते निंबशिराळ, सकाळी सातची गाडी. सत्याऐंशी सालचा मे महिना, लग्नसराई ऐन भरात, आणि सात वाजताच अंगाला घाम.

बाईंचं नाव एस्तेर रणदिवे. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रजा काढून घाटावर बहिणीकडं निघाल्या होत्या. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, शेजारणीला सांगताना मी ऐकलं. कंडक्टरला सगळं ऐकू येतं. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाच्या पिशवीत कोंबडी आहे, आणि कोणाचं पोर खरं तर सात वर्षांचं असून आईनं त्याला मांडीवर दाबून साडेचारचं केलंय. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट, पाचच्या पुढं अर्धं तिकीट, असा नियम. त्यामुळं आमच्या मार्गावर कोणाचंच पोर कधी पाच वर्षांचं होत नसे. मिसरूड फुटेपर्यंत साडेचार.

त्या काळात डेपोत माझं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. एक म्हणजे पांगमची गाडी वेळेवर. निंबशिराळच्या स्टँडवरचं घड्याळ बंद पडलं तर माझ्या गाडीवरून लावावं, असं कंट्रोलर म्हणायचा. आणि दुसरी म्हणजे माझी डबी.

डबी जर्द्याची होती, पण मी जर्दा खात नाही. तिच्यात असायच्या बारीक पांढऱ्या गोळ्या, पोट बांधायच्या. आमच्या घाटात दीड तास गाडी उभी करायला जागा नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आणि माणसं चढायची लग्नाच्या पंगतीत बासुंदी ओरपून. अर्ध्या घाटात कोणीतरी पोट धरून उठायचं, "मास्तर, थांबवा हो!" मग थांबवायची कुठं? माझ्या आधीच्या जुन्या कंडक्टरनं मला युक्ती शिकवली. ओळखीच्या कंपाउंडरकडून गोळ्या घेऊन ठेवायच्या, कुणी पोट धरलं की एक द्यायची. गाडी थांबत नाही, वेळ चुकत नाही, माणूस दुवा देतो. मापही त्यानंच शिकवलं होतं, आमचं तिकिटाचं माप. मोठ्याला एक, लहानाला अर्धी.

लोक मला गोळीमास्तर म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

चिरेखाण फाट्यावर एक पोरगेली बाई चढली. काखेत मूल, खांद्यावर गाठोडं, पायात चपला नाहीत. जांभ्याच्या खाणीवर घाटावरची माणसं चिरे काढायला यायची, त्यातली ती. ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या बाकावर, रणदिवे बाईंच्या पाठीमागं बसली.

"कुठं?"

"निंबशिराळ. म्हायेराला निघालोय."

"पोर केवढं?"

"दीड वर्साची हाय. शेवंती." मग जरा घाबरून, "खरंच दीड वर्साची हाय मास्तर. दात बघा."

शेवंतीनं मला दात दाखवले नाहीत, पण हात पुढं केला. तिला माझा पंच हवा होता. तिकिटाला भोकं पाडायचा तो चिमटा तिच्या नाकासमोर धरून मी टकटक वाजवला. पोर केवढ्यानं हसली. डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते, पण हसली. मी आईचं तिकीट पंच केलं आणि गंमत म्हणून एका रद्दी तिकिटाला भोक पाडून तिच्या मुठीत दिलं.

तिच्या आईचं नाव हौसा. दहाच मिनिटांत ती उठून उभी राहिली.

"मास्तर, वाईच थांबवा की. लेकराला लागलंय."

थांबवली. चार मिनिटं गेली. पुढं पुलापाशी पुन्हा थांबवली, तिथं सहा मिनिटं. मागच्या बाकावरचे वऱ्हाडी कुरकुरायला लागले, मुहूर्त साडेअकराचा होता. मी घड्याळ बघितलं. मुजावरमामांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी, आरशातून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या त्या बघण्याचा अर्थ मला कळायचा. पांगम, आज डबी नाही का आणली?

"कधीपास्नं होतंय?" रणदिवे बाईंनी मागं वळून विचारलं.

"काल सकाळपास्नं. आज धा वेळा तरी झालं असंल."

"रक्त पडतंय?"

"न्हाई. निस्तं पानी."

"अंगावर पितीय का?"

"पितीया. थोडं थोडं."

"पाजत राहा. अजिबात थांबवू नका. पायरवाडीला गाडी थांबली की मी पाणी करून देते. माझ्याकडं पुडी आहे."

मी डबी काढली. अगदी ऐटीत, अंगठ्यानं झाकण उडवून. "बाई, पाण्यानं काय होणार? आणखी पातळच होईल. अर्धी गोळी देतो, घाट चढेपर्यंत..."

"ती डबी खिशात ठेवा."

"अहो, आठ वर्षं देतोय मी."

"दीड वर्षाच्या मुलांना देताय?"

बाईंनी आवाज चढवला नव्हता, पण गाडी ऐकत होती.

"जुलाब म्हणजे पोट आतली घाण बाहेर टाकतंय," त्या म्हणाल्या. "त्याला बूच मारून काय मिळवणार? जितकं पाणी जातंय तितकं परत भरायचं, एवढंच आपलं काम. मग ती दहा वेळा जाऊ दे नाहीतर वीस वेळा. गाडी थांबवावी लागेल तितक्यांदा थांबवा."

"घाटात?"

"घाटातसुद्धा."

पहिला फणस, आता ही डबी. एका सकाळी दोनदा माझं पाणी जोखलं गेलं होतं. गाडी दहा मिनिटं उशिरा होती, आणि माझ्या डोक्यात त्या दहा मिनिटांशिवाय दुसरं काही नव्हतं.

पायरवाडी म्हणजे घाटाच्या पायथ्याचं चहाचं ठिकाण. तिथं बाईंनी हॉटेलवाल्याकडून उकळून निवलेलं पाणी घेतलं, लिटरच्या मापानं मोजून, आणि तांब्यात पुडी रिकामी केली. चव घेऊन बघितली. "रडल्यावर ओठावर येतं ना पाणी, तेवढंच खारट हवं. त्याहून जास्त नाही," असं हौसाला सांगितलं आणि चमच्या चमच्यानं पाजायला लावलं. पोर घटाघटा प्यायला बघत होती. बाईंनी दोनदा चमचा मागं घेतला. "सावकाश. एकदम प्यायली तर उलटेल."

मग त्या तोंड धुवायला मागच्या नळावर गेल्या, आणि मी हौसाजवळ गेलो.

"हे घे," मी हळूच म्हणालो. गोळीचा मी नखानं तुकडा पाडला होता. बरोबर अर्धा. "गुळाच्या खड्यात घालून दे. आता घाट लागेल, गाडी थांबणार नाही."

तिनं तुकड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मास्तर, पर सकाळी..."

"काही होत नाही. सगळ्यांना देतो मी. आणि त्या बाईंना बोलू नकोस, उगाच डोकं खातील. दे लवकर."

तिनं दिला. मी माणूस भला होतो, गाडीतल्या कोणालाही विचारा. पण त्या वेळी मला ते लेकरू दिसत नव्हतं, घड्याळ दिसत होतं. सव्वानऊ वाजले होते.

घाट लागला. एक वळण झालं, दहा झाली. हौसा एकदाही उठली नाही. पोर निजली होती. वऱ्हाडातला एक जण मागून म्हणाला, "काय गोळीमास्तर, दिली वाटतं?" मी बोट ओठावर ठेवलं आणि डोळा मारला. त्या एका डोळा मारण्याची लाज मला अजून वाटते.

वाघजाईच्या वळणावर बाईंनी वळून बघितलं. "पाणी देताय ना?"

"झोपलीया वो. कवाधरनं झोपली नव्हती. लई बरं वाटलं बगा."

"उठवा आणि द्या."

हौसानं हलवलं. पोरीनं डोळे जरा उघडले आणि मिटले. चमचा ओठाला लावला तर पाणी गालावरून ओघळलं.

"थांबा, तोंडात ओतू नका, ठसका लागेल." बाई उठल्या, फणस ओलांडून मागच्या बाकावर आल्या. त्यांनी पोरीच्या तळपायावर टिचकी मारली. पाय हलला, पण सावकाश. पोटावर हात ठेवला, दाबून बघितलं. पोट चांगलंच फुगलं होतं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पोरीच्या छातीजवळ धरलं आणि ओठ हलवत मोजायला लागल्या. मी दोन बाकं मागं उभा होतो. गाडीचा एवढा आवाज, तरी मला वाटलं मला ते मोजणं ऐकू येतंय.

"चौदा," त्या म्हणाल्या. "एवढ्या मुलाचा श्वास मिनिटाला पंचवीस-तीस तरी हवा. ही झोप नव्हे, ही गुंगी आहे." त्यांनी हौसाकडं रोखून बघितलं. "हिला काही दिलंय का? खरं सांग. अफू, जायफळ, कसलं औषध?"

हौसानं माझ्याकडं बघितलं.

मी तिला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं ना. तिनं शब्द पाळला.

"न्हाई," ती म्हणाली.

आता सांगतो मी काय केलं ते. मी मागं वळलो आणि पंच दांड्यावर आपटत शेवटच्या बाकापर्यंत गेलो, "तिकीट, तिकीट" करत. सगळ्यांची तिकिटं कधीच झाली होती. मला डेपो मॅनेजर दिसत होता, चार्जशीट दिसत होती, घरी दोन पोरं आणि आजारी बाप. अर्धीच तर दिली, असं मी मनात घोकत होतो. अर्धीनं काय होतं? आठ वर्षांत कोणाला काही झालं नाही. आणि लगेच दुसरा विचार आला. आठ वर्षांत उतरून गेल्यावर कोणाचं काय झालं, हे मला कुठं माहीत होतं? माझं गिऱ्हाईक निंबशिराळला उतरलं की माझं काम संपत होतं.

मी परत पुढं आलो. पोरीची मूठ उघडी पडली होती. सकाळी दिलेलं भोकाचं तिकीट तिच्यातून निसटून बाकावर पडलं होतं. मी खाली वाकलो आणि तिच्या कानाशी पंच वाजवला. टकटक. पापणीसुद्धा हलली नाही.

"बाई," मी म्हणालो, "मी दिली. पायरवाडीला. तुम्ही नळावर गेलात तेव्हा. मीच तिला बोलू नको म्हणालो."

झाकण उघडून डबी मी त्यांच्या हातात दिली.

मला वाटलं त्या मला थोबाडीत देतील. मी गाल तयार ठेवला होता. पण त्यांनी डबीतली कंपाउंडरची पुडी उलगडून तिच्यावरचं नाव वाचलं, आणि एवढंच विचारलं, "किती?"

"अर्धी."

"किती वाजता?"

"सव्वानऊला."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "अर्धीसुद्धा हिच्यासाठी जास्तच आहे. पण नुसत्या अर्धीनं तासाभरात एवढी गुंगी?"

आणि हौसा रडायला लागली. मोठ्यानं नाही, पदर तोंडात कोंबून. "बाई, सकाळीबी दिली हाय," ती म्हणाली. "निगायच्या आदी. सा वाजता. अर्दी."

"कुठून आणलीस?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. त्या बोटात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "मास्तरांनीच दिल्ती. म्हयन्यामागं माज्या मालकाला गाडीत. दोन दिल्त्या, त्येनं एक खाल्ली. ऱ्हायलेली मी जपून ठिवली. अर्दी फेकून दिली मातर. मास्तर म्हनलं हुतं ना, लहानाला अर्दी."

मास्तर म्हणाले होते. पायरवाडीला ती तेच सांगायला निघाली होती, आणि मी काही होत नाही म्हणून तिचं वाक्य तोडलं होतं.

बाईंनी पोरीला हौसाच्या मांडीवर उभं धरलं, मान जराशी मागं करून. "इथून सगळ्यात जवळचा डॉक्टर?"

"निंबशिराळचा दवाखाना. पाऊण तास."

"मग चला."

मी केबिनच्या जाळीपाशी गेलो. काही सांगायला तोंड उघडणार, तोच मुजावरमामा म्हणाले, "ऐकलंय मी. धरून बसा सगळी." मामांना मी आठ वर्षं ओळखत होतो, त्यांनी घाटात गाडी पळवलेली कधी बघितली नव्हती. त्या दिवशीही पळवली नाही. पण एकदासुद्धा वाया ब्रेक लागला नाही.

घाटमाथ्यापासून निंबशिराळपर्यंत सात थांबे. ज्यांना त्या थांब्यांवर उतरायचं होतं ती माणसं गाडीतच होती. वऱ्हाडाचं गाव तिसऱ्या थांब्यावर. मी त्यांच्याकडं बघितलं. ज्यानं मला गोळीमास्तर म्हणून हाक मारली होती तो नुसता मान हलवून म्हणाला, "जाऊ द्या, मास्तर. लग्न आमच्याशिवाय लागेल." सात थांब्यांपैकी एकालाही घंटा वाजली नाही.

"तिला झोपू द्यायचं नाही," बाई मला म्हणाल्या. "मी श्वास बघते. तुम्ही ते वाजवा."

"काय?"

"ते तुमचं यंत्र. कानाशी."

मी खाली, फणसाशेजारी, गुडघे टेकून बसलो आणि पंच वाजवत राहिलो. हौसा तिच्या गालावर हात फिरवत होती आणि "शेवू, ए शेवू, ऊठ माझे आये," म्हणत होती. मधेच पोर श्वास विसरायची. बाई तळपायावर टिचकी मारायच्या, मग ती एक मोठा श्वास घ्यायची, आणि आम्ही तिघंही घ्यायचो. पाऊण तासाच्या त्या रस्त्यातलं मला बाहेरचं काही आठवत नाही. फक्त तिच्या गळ्यातला काळा दोरा आठवतो, तो वर-खाली होताना.

दवाखान्यातला डॉक्टर माझ्याहून लहान होता. बाई पोरीला घेऊन धावतच आत शिरल्या आणि एका दमात सगळं सांगितलं, गोळीचं नाव, सहाला अर्धी, सव्वानऊला अर्धी, वय दीड, जुलाब कालपासून, श्वास बारा. डॉक्टरनं दुसरा प्रश्न विचारला नाही. कपाटातून तो गुंगी उतरवायचं एक इंजेक्शन शोधायला लागला, शस्त्रक्रियेच्या सामानात ठेवलेलं. सापडलं. दोनच होती.

मुजावरमामा गाडी डेपोत घेऊन गेले, कंडक्टरशिवाय. हा त्यांचाही गुन्हा झाला. जाताना त्यांनी फणस उतरवून दवाखान्याच्या ओट्यावर ठेवला.

इंजेक्शन दिल्यावर पोर पाच मिनिटांत डोळे उघडून रडली. मी उठून उभा राहिलो, पण डॉक्टर हात हलवून म्हणाला, "आनंद करू नका इतक्यात. हे औषध पोटात रेंगाळतं. इंजेक्शनचा जोर ओसरला की गुंगी परत येते. उद्या सकाळपर्यंत नजर हलवायची नाही." मग माझ्याकडं वळून, "मोठ्या माणसाला डॉक्टरनं बघून दिली तर ही गोळी वाईट नाही. लहान मुलांना नाहीच. अर्धी नाही, पाव नाही, काहीच नाही."

मी मान खाली घातली. आमच्या मापात तरी काय होतं? पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट नाही. म्हणजे माझ्याच नियमानं तिला काही लागू होत नव्हतं.

दुपारी बाई आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. बाईंची बहीण दोनदा शोधत आली आणि दोनदा परत गेली.

"तुम्ही जा बाई," मी म्हणालो. "तुमची रजा फुकट जातेय."

"जाईन." त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू? डॉक्टर म्हणत होते, नुसती सव्वानऊची अर्धी असती तर त्यांनी थोडा वेळ वाट बघितली असती. इंजेक्शन दोनच आहेत, जपून वापरतात. सकाळची अर्धी कळली म्हणून लगेच दिलं."

"ते हौसानं सांगितलं."

"हौसा मला नाही म्हणाली होती. विसरलात? मी सरकारी बाई. मला घाबरली ती. तुमच्यासारखा बिल्लेवाला माणूस सगळ्यांसमोर माझं चुकलं म्हणाला, तेव्हा तिला तोंड फुटलं." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुम्ही तुमची अर्धी सांगितलीत, म्हणून तिनं तिची सांगितली. मागच्या बाकापर्यंत जाऊन परत आलात ना, ते मी बघत होते."

मला रडू आलं. भर दुपारी, खाकी कपड्यात, सरकारी दवाखान्याच्या बाकावर मी रडलो, आणि बाई दुसरीकडं बघत बसल्या.

ती रात्र आम्ही पाळीपाळीनं श्वास मोजत काढली. दुसरं इंजेक्शनही लागलं. पहाटे मी कॉटजवळ स्टुलावर बसलो होतो. हौसा भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसली होती. शेवंतीनं कूस बदलली. मग हात पुढं आला. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याला पंच लोंबत होता, त्याच्या दिशेनं.

मी वाजवला. टकटक. ती हसली नाही, तेवढी ताकद नव्हती. पण तिनं तो धरला आणि सोडेना.

आणि मग हौसा ओरडली, "बाई! बाई, केलं वो! लुगडं भिजलं!"

बाई धावत आल्या, दुपटं उघडून बघितलं. लघवी झाली होती, आणि जुलाबही. पोट मऊ पडलं होतं. "झालं सुरू!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या तासांत पहिल्यांदा हसल्या. "आता हिला हवं तितक्यांदा जाऊ दे. आपण पाणी भरत राहू." आठ वर्षं लोकांची पोटं बांधणारा मी, एका पोरीला जुलाब झाले म्हणून हात जोडून उभा होतो.

डबीतल्या गोळ्या बाईंनी माझ्यादेखत मोजून डॉक्टरच्या हवाली केल्या. डबी मला परत दिली. ती अजून घरात आहे. नोकरीत असेपर्यंत माझ्या झोळीत त्या साखरमिठाच्या पुड्या असायच्या, आणि घाटात कोणी पोट धरलं तर मी घंटा देऊन गाडी थांबवायचो. जागा नव्हती असं मी म्हणत होतो ना, तीन जागा होत्या. मुजावरमामांनी शोधल्या. पांगमची गाडी त्यानंतर कधी फारशी वेळेवर पोचली नाही. शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. फणस निरोप मिळून आलेल्या हौसाच्या आईनं कापला आणि सगळ्या दवाखान्याला वाटला.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी त्याच मार्गावर होतो. चिरेखाण फाट्यावर हौसा चढली. मी तिला ओळखलं. बरोबर दोन वेण्या घातलेली मुलगी होती, बारकीच. मांडीवर घेतली असती तर साडेतीनची वाटली असती.

"कुठं?" मी विचारलं. तेवढंच तोंडातून आलं.

"निंबशिराळ." हौसानं पोरीला मांडीवर घेतलं नाही. तिला शेजारी बाकावर ताठ बसवलं, झगा नीट केला, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "एक पुरं, एक अर्दं. पाडव्याला पाच पुरी झाली, मास्तर."

आमच्या मार्गावर पाच वर्षांचं झालेलं ते पहिलं पोर. तिकिटांच्या ट्रेमधून मी अर्धं तिकीट काढलं. मला ते नीट दिसेना. पोरीनं हात पुढं केला होता, तिकिटासाठी नाही. मी पट्ट्यावरून पंच काढून तिच्या हातात दिला, तिकीट त्याच्या दातात धरलं.

तिनं दोन्ही हातांनी दाबला. टक्.

मग मी दोरी ओढून दोनदा घंटा दिली आणि गाडी निघाली.